करेक्टिव्ह अ‍ॅक्शनच्या नोंदी वेळेत बंद होऊनही त्याच तक्रारी पुन्हा येत असतील, तर सॉफ्टवेअर बदलावे का?

आपण लिहिले आहे की, एक्सेलची यादी सोडून आपल्या कारखान्याने करेक्टिव्ह अ‍ॅक्शनसाठी, म्हणजे दोष पुन्हा येऊ नये म्हणून त्याच्या मूळ कारणावर करायच्या सुधारात्मक कृतीसाठी, सॉफ्टवेअर घेतले, नोंदी मुदतीत बंदही होतात, तरी काही महिन्यांनी ग्राहकाकडून तीच तक्रार येते. मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करतो. माझ्या मते सॉफ्टवेअर तूर्त तेच ठेवावे. बदलायला हवा तो नोंद बंद करण्याचा नियम.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. शाफ्टला आडवे छिद्र न पडलेले काही नग ग्राहकाच्या असेंब्ली लाइनवर पोहोचतात. नोंदीत कारण लिहिले जाते ‘ऑपरेटरचे दुर्लक्ष’, उपाय ‘ऑपरेटरला प्रशिक्षण दिले’; सोबत हजेरीच्या कागदाचा फोटो जोडला जातो आणि नोंद हिरवी होते, म्हणजे बंद होते. मशीनजवळ उभे राहून पाहिले तर वेगळेच दिसते. ड्रिल मोडले तरी मशीन आपली सायकल पूर्ण करते, धार लावून आणलेल्या ड्रिलवर किती नग निघाले याचा हिशेब कुठेच नसतो, आणि तपासणी ठरावीक नगांनंतर एकदाच होत असल्यामुळे मधले सगळे नग तसेच पुढे सरकतात. येथे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे शोधावी लागतात: छिद्र का पडले नाही, आणि बिनछिद्राचा नग आपल्या दाराबाहेर कसा गेला. फोर्डने १९८७ मध्ये मांडलेल्या आणि पुढे एट-डी म्हणून रूढ झालेल्या, समस्या आठ पायऱ्यांनी सोडवण्याच्या पद्धतीत या दोन्हींचा शोध अपेक्षित आहे. म्हणून सॉफ्टवेअरच्या फॉर्ममध्येही दोन्हींसाठी स्वतंत्र आणि सक्तीचे रकाने असावेत.

ग्राहकाकडचा, वाटेतला आणि गोदामातला माल निवडून काढणे ही तातडीची दुरुस्ती झाली. तिने मूळ कारण जात नाही. ड्रिलच्या आयुष्याची मर्यादा ठरवून तिचा काउंटर लावणे आणि पुढच्या स्टेशनच्या फिक्स्चरमध्ये (नग धरून ठेवणाऱ्या साधनात) अशी पिन बसवणे की छिद्र नसलेला नग तेथे बसणारच नाही, ही खरी सुधारात्मक कृती. ती पिनही झिजते किंवा कोणीतरी काढून ठेवते. म्हणून मुद्दाम ठेवलेला एक सदोष नग दर शिफ्टच्या सुरुवातीला बसवून पाहण्याची तपासणी कंट्रोल प्लॅनमध्ये, म्हणजे कोणत्या टप्प्यावर काय आणि कसे तपासायचे हे लिहिलेल्या कागदात, यायला हवी.

आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या कलम १०.२ मध्ये कृती अमलात आणण्याबरोबरच ती परिणामकारक ठरली का याचा आढावा घेणेही बंधनकारक आहे. सॉफ्टवेअरमध्ये याचे दोन वेगळे टप्पे करा: ‘कृती पूर्ण’ आणि ‘परिणाम पडताळला’. दुसऱ्या टप्प्याची मुदत केवळ तारखेने ठरवू नका, कारण महिन्याभरात त्या भागाचे उत्पादनच झाले नसेल तर पडताळणार काय? ठरावीक लॉट निघाल्यावर आणि निदान एकदा ड्रिल बदलल्यानंतरच ती व्हावी, आणि ती कृती करणाऱ्या व्यक्तीने न करता दुसऱ्या कोणीतरी करावी. तसेच ड्रिलिंगच्या ज्या इतर मशीनवर हाच धोका आहे, त्यांची नावे भरल्याशिवाय नोंद पुढे जाऊ नये.

व्यवस्थापनालाही एक गोष्ट सांगावी लागेल. ‘मुदत उलटलेल्या नोंदी किती’ या एकाच आकड्यावर विभागाचे मूल्यमापन होत असेल, तर माणसे नोंदी घाईने बंद करणारच. त्यात त्यांचा दोष नाही. त्याऐवजी त्याच भागावर तोच दोष पुन्हा किती वेळा आला, हे दर महिन्याच्या बैठकीत पाहावे. आणि प्रत्येक किरकोळ त्रुटीसाठी पूर्ण नोंद उघडू नये. सांडलेले कूलंट आणि ग्राहकाची तक्रार एकाच रांगेत लागली की महत्त्वाचे काम मागे पडते.

सुरुवात म्हणून गेल्या वर्षभरातल्या बंद नोंदी काढा आणि ज्यांत ‘प्रशिक्षण दिले’ किंवा ‘समज दिली’ एवढाच उपाय आहे त्या वेगळ्या करा. त्यांपैकी ज्यांचा दोष पुन्हा आला आहे, त्यांसाठी नवा क्रमांक न देता जुनीच नोंद उघडून कारणापासून काम सुरू करा.