इतिहासच का?

प्रश्न : मुलीला अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजात प्रवेश मिळालाय. मुख्य विषय इतिहासच घ्यायचा म्हणते. एवढ्या लांब जाऊन सनावळ्याच पाठ करायच्या, तर पुणं काय वाईट? घरात रोज वाद होतात. – एक आई, नाशिक

उत्तर : ताई, मी तिथेच इतिहास शिकले. सनावळ्या कुणी विचारत नाही. विचारतात ते ‘हे कशावरून?’ आणि त्या प्रश्नातून सुटका नसते. तिथे ‘ट्युटोरियल’ असतं : एक प्राध्यापक, दोन विद्यार्थी. एकाने निबंध लिहून आणायचा, दुसऱ्याने त्यातल्या कच्च्या जागा दाखवायच्या; पुढच्या आठवड्यात उलट. मागच्या बाकावर लपायची सोयच नाही. कॉलेज जेमतेम दोन हजारांचं, त्यामुळे प्राध्यापक स्वतः शिकवतात, स्वतःच निबंध तपासतात.

तुमच्या नाशिकशी या कॉलेजचा जुना संबंध आहे. १८०६ मध्ये तिथल्या पाच विद्यार्थ्यांनी वादळात गवताच्या गंजीआड प्रार्थना केली. परदेशी धर्मप्रसाराची अमेरिकन चळवळ तिथून सुरू झाली, असं मानतात. आवारात स्मारकही आहे. तिथलाच १८०८ चा पदवीधर गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत आला, मराठी शिकला आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने गेला. मी त्याच्यावर निबंध लिहिला, तर माझ्या जोडीदारणीने विचारलं, “ज्यांना तो उपदेश करत होता, ती माणसं काय म्हणत होती?” माझ्या निबंधात सगळे पुरावे मिशनऱ्यांच्या पत्रांतले होते. मग मी मराठी कागद शोधायला लागले, आणि इतिहास मला खरा कळायला लागला तो तेव्हापासून.

नोकरीची काळजी रास्त आहे. माझ्या बरोबरीचे वकिलीत, पत्रकारितेत, संग्रहालयांत गेले. पुरावा तपासून नेमकं लिहिता येणं सगळीकडे लागतं. शिवाय मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ठरवायचा असतो. तोवर तिने अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्रही घ्यावं, हा माझा आग्रह. वाद तोपर्यंत थांबवा.

आणि जाण्याआधी तिला मोडी शिकवा. हे मी फार कळकळीने सांगते. सुट्टीत आल्यावर पुण्याच्या पेशवे दफ्तरातला कागद तिला स्वतः वाचता आला, तर ‘कशावरून?’ला तिच्याकडे असं उत्तर असेल, जे तिच्या वर्गात बहुधा दुसऱ्या कुणाकडेच नसेल.