फोटो काढला, त्याचं काय घेऊन बसलात?

डोंबिवलीच्या ताई, पाडव्याच्या शोभायात्रेतला तुमचा नऊवारी-फेट्यातला फोटो साडीच्या दुकानाच्या फलकावर झळकला आणि ‘परक्या माणसाने फोटो काढलाच कसा’ म्हणून तुम्हाला पोलिसांत जायचंय. दर पाडव्यानंतर अशी पत्रं येतात. फडके रोडवर आपण नटूनथटून जातो, कॅमेरा दिसला की फेटा सावरतो. तिथे भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ लागत नाही. ते खासगी कृती चोरून टिपण्याबद्दल आहे. फोटोग्राफरने पाठलाग केला असता किंवा तो अचकटविचकट बोलला असता, तर वेगळी कलमं होती.

मुद्दा जाहिरातीचा आहे. संमतीशिवाय कुणाचं नाव किंवा चेहरा जाहिरातीला वापरला तर तो खासगीपणाचा भंग, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच राजगोपाल खटल्यात सांगितलंय. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणात, ओळखीच्या फोटोग्राफरने काढलेला एका महिलेचा फोटो फोटो-विक्रीच्या संकेतस्थळावरून थेट सरकारी जाहिरातींत गेला होता. न्यायालयाने ते गंभीरपणे घेतलं.

म्हणजे संमती होती का, एवढाच प्रश्न. तुम्ही लिहिता, ‘कुणी विचारलंसुद्धा नाही.’ मग सोबतच्या स्क्रीनशॉटमधलं ‘हो दादा, चालेल’ कुणाचं? त्याच्या वरची ओळ नेमकी कापलेली आहे, तारीखही नाही. फोटो पाठवतो म्हणून फोटोग्राफरने तुमचा नंबर घेतला आणि काहीतरी विचारलं. ‘माझ्या पेजवर टाकू का?’ असं विचारलं असेल, तर तुमचा होकार पेजपुरता. फलकाशी त्याचा संबंध नाही. ‘जाहिरातीला देऊ का?’ असं असेल, तर नोटिशीचा खर्चही करू नका.

आणि ते चॅट असलेला फोन तुम्ही भाच्याला देऊन टाकलात! आजच परत घ्या. त्याने रिसेट केला नसेल तर नशीब. केला असेल तर जुना बॅकअप शोधा. फोन हाती असला की मूळ चॅटच कोर्टापुढे ठेवता येतं. नुसत्या प्रिंटआउटला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, त्याचा एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो.

फलक पहिल्यांदा दिसला तेव्हा ‘मॉडेल झाले!’ असं स्टेटस ठेवून वर्षभर गप्प बसलात, हे दुकानाचा वकील सोडणार नाही. तातडीच्या मनाई हुकमाला त्याची झळ बसेल. अब्रुनुकसानीच्या दाव्याची एक वर्षाची मुदत बहुधा गेलीच. भरपाईच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत धरा, पण ती कधीपासून मोजायची यावर वाद होऊ शकतो. रक्कम किती मिळेल, हे मी सांगणार नाही. दिवाणी दाव्यात तारखाच इतक्या पडतात की तोवर दुकानात चार नवे फलक लागतील.

अख्खं चॅट मिळालं की आधी मला पाठवा. वरची ओळ तुमच्या बाजूची निघाली, तर नोटीस दुकान आणि फोटोग्राफर दोघांना काढू. हा फोटो कुणाकडून, कोणत्या लेखी परवानगीवर घेतला, एवढंच दुकानाला आधी विचारायचं.