हॉरर फिल्मचा टीझर करायचाय. रिसर्च आणि प्लॅनिंग कसं करू?

तुमचा प्रश्न असा: मीडियाचं शेवटचं वर्ष, अख्खी फिल्म नाही, फक्त दीड मिनिटाचा हॉरर टीझर. रिसर्च-प्लॅनिंगचे 20 मार्क वेगळे. गट पाच जणांचा, आणि गाडी अडलीय कॅमेरा कोणता घ्यायचा यावर. कॅमेऱ्याचं शेवटी सांगतो. आधी मला सांगा, पाचांपैकी आवाज कोण बघणार आहे? "ते एडिटिंगला बघू" असं उत्तर असेल तर पुढचं नीट वाचा. आमच्या गटात पाचवा मी होतो.

2016 ची दिवाळीची सुट्टी. गटातल्या एकाचं आजोळ राजापूर तालुक्यात. घर कौलारू, ओटीवर झोपाळा, मागे परस आणि विहीर, शिवाय राहणं-जेवण फुकट. विद्यार्थ्यांचं लोकेशन याच निकषावर ठरतं, लॉगबुकात काहीही लिहा.

निघण्याआधी कॉलेजच्या पद्धतीने रिसर्च उरकला होता. गूगल फॉर्म काढला, "तुम्हाला कशाची भीती वाटते?" पर्याय भूत, अंधार, एकटेपणा, इतर. चाळीसेक जणांनी भरला, त्यात आमचेच मित्र आणि मित्रांच्या बहिणी. बहुमत अंधाराला. पाय चार्ट छान आला. त्या चार्टमुळे एक शॉटसुद्धा बदलला नाही.

टीझर पाहिले त्याचा मात्र उपयोग झाला. 'द शायनिंग'चा 1980 चा टीझर म्हणजे एकच शॉट: कॅमेरा हलत नाही, समोर लिफ्टची दारं, आणि तिथून रक्ताचा लोंढा. ना नट, ना संवाद. 'सायको'च्या 1960 च्या ट्रेलरमध्ये दिग्दर्शक हिचकॉक स्वतः सहा मिनिटांहून जास्त वेळ तुम्हाला फिल्ममधलं घर आणि मोटेल फिरवून दाखवतो, घरमालकाने भाडेकरूला खोल्या दाखवाव्यात तसा. भुताच्या तोंडाला पावडर फासायच्या आधी हे दोन्ही बघा. आणि अंधाराशिवाय हॉरर होत नाही असं वाटत असेल तर 2017 चा मराठी चित्रपट 'लपाछपी' बघा. भरदिवसा, उसाच्या फडात घाबरवलंय.

पण आमचा खरा रिसर्च झाला आजींच्या तोंडून, तोही न मागता. पहिल्या रात्री जेवणं झाल्यावर मी परसात रेकॉर्डर लावून रातकिडे टिपत होतो. नातवाने आतून मला एकदा हाक मारली, मी "ओ" दिली. आजी भांडी पुसत होत्या, त्या तिथूनच म्हणाल्या, "रात्रीची एका हाकेला ओ देऊ नये रे. माणूस असेल तर परत हाक मारील." आणि पुन्हा भांडी पुसायला लागल्या.

तुमच्याही आजीने हे सांगितलं असेल. पण त्या अंधारात, विहिरीकडे तोंड करून उभं असताना ऐकलं आणि मान वळवायची हिंमत होईना. टीझर तिथेच सुचला. मुलगी झोपाळ्यावर बसलीय, दिवेलागण होतेय, परसातून कुणीतरी हाक मारतं. एकदाच. मग शांतता, सात-आठ सेकंद. मुलगी म्हणते, "ओ." काळा पडदा. बस.

आमच्या दिग्दर्शकाला हे "अर्धवट" वाटलं. त्याला शेवटी भूत हवं होतं. पांढरी साडी, मोकळे केस, चेहऱ्याला टाल्कम पावडर, वर वायोलिनची किंचाळी. दोन रात्री वाद घातला. तो पुढे येणारच आहे.

आता प्लॅनिंग. आमच्या कागदावर दिवेलागणीचे नऊ शॉट एकाच संध्याकाळी होते. ऑक्टोबरअखेरीला तिथे सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो, आणि तो निळसर उजेड कॅमेऱ्याला पुरेल इतका वीस-पंचवीस मिनिटंच टिकतो. पहिल्या दिवशी तीन शॉट झाले. पुढच्या दोन संध्याकाळी तीन-तीन करून नऊ भरले आणि परतीची एसटी एक दिवस पुढे गेली. तेव्हा शॉट लिस्ट कथेच्या क्रमाने नाही, उजेडाच्या क्रमाने लावा. माझ्या मते प्लॅनिंगचा ऐंशी टक्के भाग एवढाच.

उरलेला भाग आवाजाचा, आणि तो कुणी करत नाही. माझ्या यादीत पहिलंच नाव होतं "झोपाळ्याच्या कड्या, करकर". पुण्यात असताना नातवाने फोनवर ऐकवली होती, अंगावर काटा येईल अशी. आम्ही पोचलो तर झोपाळा मुका! मामांनी आदल्याच दिवशी कड्यांना तेल घातलेलं. "शहरातली मुलं शूटिंगला येणार, करकर बरी नाही दिसत," म्हणाले. आता पाहुणचाराला काय बोलणार? दोन दिवस मी त्या घरातली कुरकुरणारी प्रत्येक वस्तू हलवून पाहिली. गोठ्याचं दार, पाळणा, बाज. शेवटी विहिरीवरचा रहाट सापडला. रिकामी कळशी सोडून अगदी हळू ओढायची, की मध्येच तो कण्हल्यासारखा थांबतो आणि मग उरलेली करकर सोडतो. ते रेकॉर्डिंग निम्म्या वेगाने चालवलं. टीझरमध्ये झोपाळा हलताना ऐकू येतो तो हा रहाट. आजवर कुणाच्या लक्षात आलं नाही. कॅमेरामनच्याही नाही, आणि तो तर तिथेच होता.

रातकिड्यांचंही तसंच. माणूस चालला की जवळचे गप्प होतात, थांबला की पुन्हा सुरू. त्यामुळे दोन शॉट जोडले की आवाज मध्येच तुटतो आणि प्रेक्षकाला कळतं की इथे कापलंय. उपाय फुकट आहे. प्रत्येक जागी सगळ्यांनी पुतळ्यासारखं उभं राहून एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करायची आणि जोडांखाली ती अंथरायची. आमच्या दिग्दर्शकाला या एका मिनिटाचा भयंकर कंटाळा. दर वेळी पन्नासाव्या सेकंदाला शिंकायचा.

हाक आजींच्याच आवाजात घेतली. त्यांना म्हटलं, घाबरवू नका, नेहमीसारखी मारा. त्यांनी "बाळाऽ" म्हटलं, चहा झालाय हे सांगायला मारतात तशी. तीच ठेवली. भेसूर आवाजात मारलेली हाक कॉमेडी होते.

आणि कॉलेजच्या हॉलमध्ये कॉमेडी झालीच, माझ्या जागेवर नाही, दिग्दर्शकाच्या. मला न सांगता त्याने शेवटी चार सेकंदांचं भूत जोडलं. "ओ" नंतर हॉल खरोखर चिडीचूप होता. मग वायोलिन किंचाळलं, पांढरी साडी पुढे आली, आणि साडीखाली निळ्या पट्ट्यांची स्लिपर. आपल्याकडे भुताचे पाय उलटे असतात असं शेंबडं पोरही सांगतं, आमच्या भुताचे सरळ, वर चपलेत! हॉल हसून लोळला. ते वायोलिन नेटवरून उचललेलं, त्यामुळे यूट्यूबवर टाकल्यावर दोन दिवसांत कॉपीराइटचा दावाही आला. आणि शेवटच्या पाटीवर छायांकन, संकलन, दिग्दर्शन अशी सगळी नावं. ध्वनी असा शब्दच नाही. माझं नाव "विशेष आभार"मध्ये, मामांच्या खाली. ज्यांनी तेल घातलं त्या मामांच्या खाली.

तो आजही म्हणतो की लोक हसले कारण समोर आपलीच पोरं बसली होती. नाही. शेवटचे चार सेकंद कापून मी तोच टीझर हॉस्टेलच्या खोलीत ज्युनियर पोरांना दाखवला. कुणी हसलं नाही. थोड्या वेळाने एक जण एवढंच म्हणाला, "पण त्याने ओ का दिली?" त्याने नाही, तिने, पण मुद्दा कळला. माझ्यापुरता वाद तिथे मिटला, ग्रुपवर अजून चालू आहे.

तरी एक सांगायला हवं, नाहीतर तुमचं नुकसान होईल. बाहेरून आलेल्या परीक्षकांना ते भूत आवडलं. "हॉररचे संकेत पाळले आहेत" असा शेरा देऊन त्यांनी टीझरला चांगले मार्क दिले. मार्कच हवे असतील तर त्याचं ऐका. रिसर्च-प्लॅनिंगमध्ये मात्र 20 पैकी 11. लॉगबुक आम्ही एका रात्रीत, वेगवेगळ्या पेनांनी लिहिलं होतं, आणि लोकेशन पाहिल्याची तारीख शूटिंगनंतरची पडली. तेव्हा रोजचं रोज लिहा, चार ओळी का होईना. फसलेलं तर जरूर लिहा. झोपाळ्याच्या तेलाचा किस्सा त्यात असता तर दोन मार्क नक्की वाढले असते. घर दुसऱ्याचं असेल तर मालकाची लेखी परवानगी घेऊन तीही चिकटवा. शनिवारवाड्यासारख्या संरक्षित वास्तूचा मोह होत असेल तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीचा वेळ धरा, नाहीतर तो विचार सोडा.

कॅमेऱ्याचं राहिलं. हातात आहे तो फोन चालेल. एक्स्पोजर, म्हणजे चित्रात किती उजेड घ्यायचा ते, लॉक करा, नाहीतर अंधार दिसला की फोन आपोआप उजेड वाढवतो आणि चित्र दाणेदार होतं. घरात ट्यूबलाइट असेल तर शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेम किती वेळ उजेड घेते ते, 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. शटर त्याच्याशी जुळलं नाही तर पडद्यावर पट्टे सरकताना दिसतात. कॅमेऱ्याचे पैसे वाचले तर रेकॉर्डर भाड्याने आणा आणि वाऱ्यासाठी त्याच्यावर जुना लोकरी मोजा चढवा.

भूत घेणारच असाल तर "ॲक्शन" म्हणायच्या आधी त्याच्या पायांकडे बघा.