जर्मनीत वर्षभर, होस्ट कुटुंबात: वाचकांचे प्रश्न

विद्यार्थी-देवाणघेवाण कार्यक्रमातून शालेय वर्षासाठी जर्मनीला निघालेली, तिथे होस्ट कुटुंबात (त्यांना आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या कुटुंबात) राहणारी मुले आणि त्यांचे पालक यांच्या पत्रांपैकी तीन पत्रे या अंकात घेतली आहेत.

माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. ऑगस्टअखेरीस ती दहा महिन्यांसाठी जाईल. आम्ही शाकाहारी, अंडीसुद्धा खात नाही. सोबत काय द्यावे? — एक आई, सांगली

आधी काय देऊ नये ते पाहा. भारतातून युरोपीय संघात मांस आणि दुग्धजन्य पदार्थ सोबत नेता येत नाहीत. साजूक तूप, पेढे, बर्फी, खवा, पनीर हे सगळे त्यात आले. कस्टम्सला सापडले तर काढून घेतात. ताजा कढीपत्ता आणि आंबे यांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, म्हणून तेही नकोत. गोडा मसाला, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, तेलातली चकली, वेलची खुशाल द्या. हिंगाची डबी दोन पिशव्यांत घट्ट बांधा.

कुकर देण्याची घाई करू नका. अनेक घरांत इंडक्शन शेगडी असते, तिच्यावर साधा अॅल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. शिवाय झोपण्याच्या खोल्यांत आणि बाहेर पडायच्या पॅसेजमध्ये धूरसूचक यंत्र बसवणे कायद्याने सक्तीचे आहे. लाल मिरचीची खमंग फोडणी दिली आणि स्वयंपाकघराचे दार उघडे असले, तर ते वाजू शकते. फोडणीआधी एक्झॉस्ट लावायचा, दार ओढून घ्यायचे, हे मुलीला इथेच शिकवा.

खरी तयारी खाण्याविषयीच्या पत्राची. तिथे शाकाहारी म्हटले की अंडी चालतात असे धरतात, आणि काहींच्या लेखी मासे म्हणजे मांस नव्हे. नुसते 'शाकाहारी' लिहून भागत नाही. मांस, मासे, अंडी, जिलेटीन आणि मांसाच्या पाण्यात शिजवलेले सूप चालत नाही; दूध, दही, चीज, डाळी चालतात, असे मुलगी निघण्याच्या दोन महिने आधी होस्ट कुटुंबाला कळवा. जिलेटीन गमी गोळ्यांत आणि काही पुडिंगमध्ये असते. दक्षिणेकडे आवडीने खातात त्या 'श्पेत्स्ले' शेवयांत अंडे असतेच. संध्याकाळचे जेवण पुष्कळ घरी गार असते: पाव, चीज, काकडी-टोमॅटो. गरम जेवण दुपारी. पहिल्या आठवड्यात मुले अर्धपोटी उठतात ती इथेच, कारण गरम ताट पुढे येईल म्हणून वाट पाहतात.

एक जिन्नस तिला ओळखीचा वाटेल. क्वार्क आपल्या चक्क्याच्या जवळचा असतो, पण सैल. पाकिटावर ४०% फॅट लिहिलेला ५०० ग्रॅम क्वार्क मलमलच्या कापडात बांधून रात्रभर फ्रिजमध्ये चाळणीवर ठेवायचा. सकाळी त्यात साधारण १५० ग्रॅम पिठीसाखर आणि वेलची घोटली की श्रीखंड तयार. घरच्यांना करून घालायला यासारखा पदार्थ नाही.

मी १७ वर्षांचा आहे. पोहोचल्यावर पहिल्या महिन्यात कागदोपत्री काय काय करावे लागते? — एक विद्यार्थी, नाशिक

एक काम तुला निघण्यापूर्वीच करायचे आहे. १ मार्च २०२० पासून जर्मन शाळेत गोवरप्रतिबंधक लसीचे दोन डोस झाल्याचा पुरावा लागतो. लहानपणीचे कार्ड शोध, त्यावर तारखा वाचता येतात का बघ. कार्ड हरवले असेल तर डॉक्टरांकडून रक्ततपासणी करून घे किंवा डोस पुन्हा घे. दोन डोसांमध्ये किमान चार आठवडे जावे लागतात. शेवटच्या पंधरवड्यात हे जमत नाही.

पोहोचल्यावर पहिले काम पत्त्याची नोंदणी, म्हणजे 'आनमेल्डुंग'. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती गावच्या नोंदणी कार्यालयात करायची. पासपोर्ट आणि राहायला जागा देणाऱ्याच्या सहीचा फॉर्म लागतो. भाडेकरार दाखवून चालत नाही. अपॉइंटमेंट पहिल्याच दिवशी मागायला होस्ट कुटुंबाला सांग. नंतर परदेशी नागरिकांच्या कार्यालयात निवास परवान्याचा अर्ज. तो व्हिसा संपायच्या आत पडला पाहिजे, आणि तिथल्या तारखा लांबच्या मिळतात.

यात मुले एका साध्या गोष्टीने अडकतात. जर्मनीत पोस्टमन टपालपेटीवरचे आडनाव बघून पत्र टाकतो. पेटीवर तुझे आडनाव नसेल तर सरकारी पत्र परत जाते, आणि तुला कळतही नाही. आडनावाची चिठ्ठी पहिल्या संध्याकाळीच चिकटव. पासपोर्टात वडिलांचे नाव तुझ्या नावाला जोडून छापलेले असेल, तर सगळ्या फॉर्मवर तसेच्या तसे लिही. एकीकडे गाळले की पुढे कागद जुळत नाहीत.

गुणांची रीत उलटी आहे: १ सर्वांत चांगला, ६ सर्वांत वाईट. वरच्या वर्गांत मात्र ० ते १५ गुण, तिथे १५ चांगले. वर्गात बोलण्याला बरेच वजन असते. लेखी पेपर चांगला देऊन गप्प बसलास तर गुण खाली येतात.

मुलीचे होस्ट कुटुंबाशी पटत नाही. ती रोज फोनवर रडते. आम्ही त्यांना फोन करावा का? — एक वडील, नागपूर

लगेच नको. असे प्रश्न सांभाळण्यासाठी देवाणघेवाण संस्थेचा स्थानिक समन्वयक असतो. मुलीने स्वतः त्याला लिहावे, आणि 'त्या लोकांचं वागणं बरोबर नाही' असे न लिहिता काय झाले, कधी झाले, हे लिहावे. पुष्कळदा मुळाशी न सांगितलेला नियम निघतो: अंघोळ लांबते, ओले कपडे खोलीत वाळत टाकले जातात, हिवाळ्यात खिडकी दिवसभर बंद राहते. बंद खोलीतल्या दमटपणाने भिंतीला बुरशी येते, म्हणून जर्मन घरात दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटे खिडक्या सताड उघडतात. हे कोणी सांगितले नाही तर आपल्या मुलांना सुचत नाही, आणि घरच्यांना तो निष्काळजीपणा वाटतो.

तुमच्या फोनची वेळही तपासा. रात्री साडेदहा म्हणजे तिथे उन्हाळ्यात सात आणि हिवाळ्यात सहा, बरोबर जेवणाची वेळ. टेबलावरून रोज उठून जाणारी मुलगी घरात कशी रुळणार? आठवड्यातून दोन दिवस ठरवून बोला.

तरी तीन-चार आठवड्यांत फरक पडला नाही, तर कुटुंब बदलून मागा. यात कमीपणा नाही, संस्था ते करतात. पण अंगाला हात लावणे, मारहाण, कोंडून ठेवणे, पासपोर्ट काढून घेणे यांपैकी काहीही घडले असेल, तर वाट पाहू नका. तिने पोलिसांना ११० वर आणि समन्वयकाला त्याच क्षणी फोन करावा. मुलांसाठी ११६ १११ ही मोफत मदतवाहिनी आहे. बर्लिनला भारतीय दूतावास, तर फ्रँकफर्ट, हॅम्बुर्ग आणि म्युनिकला वाणिज्य दूतावास आहेत. हे क्रमांक आजच तिच्या मोबाइलमध्ये आणि एका कागदावर लिहून द्या.