‘अपोलिपोप्रोटीन’मधला ‘अपो’ आणि आपला ‘अप’

प्रश्न असा आला आहे : रक्तातील मेदाच्या तपासणीत ‘अपोलिपोप्रोटीन ए-१’ हे नाव येते, त्यातील ‘अपो’ म्हणजे आपला ‘अप’ हा उपसर्गच का, आणि तसे असल्यास त्यासाठी ‘अपमेदप्रथिन’ असा मराठी शब्द करावा का?

पहिल्या भागाचे उत्तर होकारार्थी आहे. ग्रीक ‘अपो’ आणि संस्कृत ‘अप’ हे एकाच मुळातून आलेले असून दोहोंचा मूळ अर्थ ‘पासून दूर, वेगळे’ असा आहे. अपमान, अपयश, अपशकुन या शब्दांमुळे मराठी कानाला ‘अप’ म्हटले की काहीतरी वाईटच ऐकू येते; परंतु ‘अपहरण’ आणि ‘अपकेंद्री’ या शब्दांत त्याचा जुना, निव्वळ दूर नेण्याचा अर्थ अजून शाबूत आहे. ज्या ‘चयापचया’त या प्रथिनाचा विचार करायचा, त्या शब्दातही चयाच्या जोडीला अपचय, म्हणजे घट, आहेच. ‘लिपो’चे नातेही असेच जवळचे आहे. ग्रीक ‘लिपोस’ म्हणजे चरबी, आणि तिचे मूळ आपल्या ‘लिप्’ धातूच्या मुळाशी जुळते. त्याच धातूपासून लेप आणि लिंपणे हे आपले रोजचे शब्द आले आहेत.

दुसऱ्या भागाचे उत्तर देण्यापूर्वी हे नाव कोठे घडले ते पाहावे लागेल. मेद पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तात तो प्रथिनांच्या संगतीने कणरूपाने वाहतो. या कणाला लिपोप्रोटीन किंवा मेदप्रथिन म्हणतात. प्रयोगशाळेत द्रावकांच्या साहाय्याने त्यातील मेद काढून टाकला की जे प्रथिन मागे उरते, ते अपोलिपोप्रोटीन. सहघटक काढून घेतलेल्या विकराला (एन्झाइमला) ‘अपोएन्झाइम’ म्हणतात, तोच हा न्याय. म्हणजे या नावात रसायनशास्त्रज्ञाने परीक्षानळीत केलेली कृती नोंदलेली आहे, त्या प्रथिनाचे शरीरातील काम नव्हे. म्हणून ‘मेदरहित प्रथिन’ हा काही ठिकाणी केला जाणारा अनुवाद मला दिशाभूल करणारा वाटतो, कारण या प्रथिनाचे जवळजवळ सगळे कर्तृत्व मेदाला धरून राहण्यात आहे.

मात्र उच्च घनतेच्या मेदप्रथिनाच्या, म्हणजे एचडीएलच्या, बाबतीत एक विलक्षण गोष्ट घडते : येथे ‘अपो’ हा उपसर्ग शरीरातही अक्षरशः खरा ठरतो. एचडीएलमधील प्रथिनांपैकी सुमारे ७० टक्के वाटा ए-१चा असतो. २४३ अमिनो आम्लांचे हे प्रथिन यकृतात आणि आतड्यात तयार होते आणि प्रारंभी त्याच्या अंगावर मेद जवळजवळ नसतोच. पेशीच्या पटलातील एबीसीए-१ हे वाहक प्रथिन त्याला फॉस्फोलिपिड आणि कोलेस्टेरॉल हे मेद देते, तेव्हा एक चपटी चकती तयार होते. या चकतीच्या कडेला ए-१चे दोन रेणू कमरपट्ट्यासारखे वेढा घालतात; त्यांच्या मळसूत्राकार घड्यांची एक बाजू मेदाला चिकटते आणि दुसरी पाण्याकडे तोंड करून राहते. ‘लिप्’ धातूचा चिकटण्याचा अर्थ यापेक्षा नेमका दाखवता येईल असे मला वाटत नाही. पुढे हेच ए-१ एलकॅट या विकराला कार्यप्रवृत्त करते, ते विकर कोलेस्टेरॉलचे एस्टर, म्हणजे मेदाम्लाशी जोडलेले रूप, बनवते, एस्टर कणाच्या गाभ्यात शिरतात आणि चकतीचा गोल होतो. यकृतातील ग्राही (पेशीवरील रिसेप्टर) या गोलातून एस्टर तेवढे उतरवून घेतो, संपूर्ण कण गिळत नाही. काही कण दुसऱ्या मेदप्रथिनांशी देवाणघेवाण करून ट्रायग्लिसराइड या मेदाने भरतात, यकृतातील लायपेज हे मेद तोडणारे विकर त्यांना छाटते, आणि सैल झालेले ए-१ पुन्हा सुटे होते. त्यातील काही नव्याने मेद स्वीकारते, तर काही मूत्रपिंडात गाळले जाऊन तेथेच विघटित होते. अशा रीतीने त्याच्या आयुष्याच्या दोन्ही टोकांना ते ‘अपो’ असते आणि मधल्या काळात मेदाने लिंपलेले असते.

इतर अपोलिपोप्रोटीनांविषयी थोडक्यात इतकेच सांगतो की सी-२ हे लिपोप्रोटीन लायपेजला चालना देते, सी-३ त्याला आवर घालते, आणि ई हे कणाला यकृतातील ग्राहीपर्यंत पोहोचवते. एचडीएल ही या तिघांची जणू ठेव असून जेवणानंतर रक्तात आलेल्या मेदकणांना ती उसनी दिली जातात आणि काम झाल्यावर पुष्कळशी परतही येतात. याच कारणासाठी ‘मेदवाहक प्रथिन’ हा पर्याय मला अपुरा वाटतो : वाहणे हे संपूर्ण कणाचे काम आहे, तर ही प्रथिने कणाला आकार देतात, विकरांना हुकूम देतात आणि पत्ताही सांगतात.

तेव्हा ‘अपमेदप्रथिन’ व्युत्पत्तीच्या दृष्टीने निर्दोष असले, तरी मी ते सुचवणार नाही. सामान्य वाचक ‘अप’चा अर्थ ‘वाईट’ असाच घेईल, आणि ज्या कणाला लोक ‘चांगले कोलेस्टेरॉल’ म्हणतात त्याच्याच मुख्य प्रथिनाला असा उपसर्ग लावणे गोंधळाचे होईल. शास्त्रीय लेखनात ‘अपोलिपोप्रोटीन’ तसेच ठेवावे आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘मेदप्रथिनातील प्रथिनांश’ असा खुलासा करावा, हे मला सर्वांत सरळ वाटते. ‘चांगले कोलेस्टेरॉल’ हा प्रयोगही जपून करावा. त्या कणातील कोलेस्टेरॉल हे इतर कणांतील कोलेस्टेरॉलहून वेगळे नसते, आणि एचडीएलची पातळी चांगली वाढवणाऱ्या टॉर्सेट्रॅपिब या औषधाची चाचणी मृत्यू वाढल्यामुळे २००६ मध्ये थांबवावी लागली होती.

लेखनाबाबत एक सूचना मात्र आग्रहाने करतो. ‘ए’नंतरचे चिन्ह रोमन अंकातील एक आहे, इंग्रजी अक्षर नव्हे, म्हणून ‘अपो एआय’ असे लिहिणे चूक असून ‘अपो ए-१’ असेच लिहावे. याहून गंभीर अडचण देवनागरीत मोठे-लहान अक्षर नसल्यामुळे उद्भवते. रोमन लिपीत लहान अक्षराने लिहिले जाणारे अपोलिपोप्रोटीन (ए) हे वेगळेच प्रथिन असून ते एलडीएलसारख्या, म्हणजे कमी घनतेच्या मेदप्रथिनासारख्या, कणाला जोडलेले असते आणि त्याचे वाढलेले प्रमाण हृदयविकाराचा धोका वाढवते. अंक आणि कंस गाळले तर दोन्ही नावे एकसारखी दिसतात. त्यामुळे पहिल्या ठिकाणी अंक आणि दुसऱ्या ठिकाणी कंस कधीही वगळू नये.