आईचे प्रसंग डोळ्यांसमोर येत नाहीत

प्रश्न: मी 44 वर्षांची, राहणार नाशिक. गेल्या वर्षी आई गेली. ताई तिच्याबद्दल बोलायला लागली की काल घडल्यासारखं सांगते. आई कुठल्या साडीत होती, पाऊस किती होता, ती काय म्हणाली, सगळं. मला यातलं काहीच दिसत नाही. आई आमटीत चिंचेऐवजी आमसूल घालायची, गोळ्या बोर्नव्हिटाच्या डब्यात ठेवायची, हे ठाऊक आहे. पण तिच्याबरोबरचा एकही प्रसंग मनात पुन्हा जगता येत नाही. लहानपणापासून माझं असंच आहे. परवा ताई म्हणाली, "तुझा जीवच नव्हता तिच्यात." भाच्याने इंटरनेटवरची एक प्रश्नावली भरायला लावली, तर प्रसंग आठवण्याच्या भागात मला फारच कमी गुण. हा आजार आहे का? की ताई म्हणते तेच खरं?

उत्तर: ताईचं ते वाक्य आधी मनातून काढून टाका. दुःखात माणूस असं बोलून जातो, पण ते खरं नाही.

तुम्ही जे लिहिलंय त्यावर बराच अभ्यास झालेला आहे. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ एंडेल टुल्व्हिंग यांनी 1972 साली मांडलं की स्मृती एका प्रकारची नसते. घडलेला प्रसंग मनात पुन्हा जगणं वेगळं आणि त्याबद्दलची माहिती असणं वेगळं. यातला एक भाग अधू असला तरी दुसरा शाबूत असू शकतो. आता तुमचंच पत्र पुन्हा वाचा. आमसूल, बोर्नव्हिटाचा डबा, आणि पुढे तुम्ही लिहिलंय (इथे जागेअभावी गाळलं) की आईची रक्तदाबाची गोळी सकाळी चहाआधी असायची आणि ती चुकली तर दुपारी ती चिडचिड करायची. हे सगळं तुमच्याकडे माहितीच्या रूपात उरलंय. आणि त्या गोळ्या वेळेवर देणारं माणूस कोण होतं, तेही पत्रावरून कळतंच.

प्रश्नावलीबद्दल. तुम्ही दिलेल्या वर्णनावरून ती टोरांटोच्या ब्रायन लेव्हिन यांच्या गटाची दिसते. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या रूपात 26 विधानं आहेत आणि चार भाग: प्रसंग, माहिती, जागा-रस्ते आणि भविष्याची कल्पना. आपापल्या भूतकाळाकडे माणसं किती निरनिराळ्या तऱ्हेने वळून बघतात, ते टिपण्यासाठी ती आहे. आजाराचं निदान तिच्यातून होत नाही. शिवाय तुमची उत्तरं म्हणजे तुमचं स्वतःविषयीचं मत. संशोधक दुसऱ्या एका पद्धतीत माणसाला एक प्रसंग सांगायला लावतात आणि त्यातले तपशील एकेक करून मोजतात: त्या क्षणाचे किती, इकडचे-तिकडचे किती. या दोन मापांचा मेळ बऱ्याचदा बसत नाही. ताईसारख्या चित्रमय बोलणाऱ्या बहिणीशेजारी आयुष्य गेलं की स्वतःला कमी गुण देणं फार सोपं असतं, हेही लक्षात घ्या.

तरी तुमचं म्हणणं मी जसंच्या तसं खरं धरते. लेव्हिन यांच्याच गटाने 2015 मध्ये अशा तीन धडधाकट प्रौढांचं वर्णन केलं, ज्यांना जन्मभर स्वतःचा एकही प्रसंग मनात पुन्हा जगता आला नव्हता. त्यांना मेंदूची कुठली इजा झालेली नव्हती, आणि रोजचं आयुष्य ती नीट जगत होती. दुसऱ्या टोकाला अमेरिकेतल्या जिल प्राइस. त्यांच्यावरचा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. कुठलीही तारीख सांगा, त्या दिवशी काय घडलं ते त्या सांगायच्या. त्यांना ते वरदान वाटत नव्हतं. जुनी दुखणी तितकीच ताजी राहत. आणि 2013 च्या एका अभ्यासात असं दिसलं की अशा असाधारण स्मरणशक्तीच्या माणसांच्या मनातही खोट्या आठवणी इतरांइतक्याच शिरतात. म्हणजे ताईला दिसणारी साडी आईने त्या दिवशी खरंच नेसली होती, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. हे ताईला वादात ऐकवू नका, फक्त स्वतःशी ठेवा.

एका गोष्टीत मात्र हयगय नको. हे लहानपणापासून असेल तर डॉक्टरांकडे धावायची गरज नाही. पण गेल्या वर्षभरात नवीन काही सुरू झालं असेल, म्हणजे गॅस चालू राहतो, ओळखीचा रस्ता चुकतो, तेच तेच विचारलं जातं, तर तपासून घ्या. आई गेल्यापासून झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तरीही मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. नैराश्यात नेमके प्रसंग आठवणं अवघड जातं, आणि त्यावर उपचार आहेत.

राहिली ताई. वर्षश्राद्धाला ती बोलायला लागेल तेव्हा उठून स्वयंपाकघरात जाऊ नका. तिला सरळ सांगा, "ताई, मला ते दिसत नाही गं, लहानपणापासूनच दिसत नाही. तू सांग, मी लिहून घेते." मग खरंच वही घ्या. तिचे प्रसंग लिहा, आणि शेजारी तुम्हाला ठाऊक असलेलं: आमसुलाचं प्रमाण, गोळ्यांच्या वेळा, आईला कुठल्या दुकानातली चहापत्ती चालायची. ताईला यातलं बरंचसं माहीत नसेल. विचारून बघा.

हे उत्तर तिला वाचायला दिलंत तरी माझी हरकत नाही.