'फुकट मिळाले, फुकट द्या' यातला 'फुकट' बदलावा का?

प्रश्न असा आलाय की आमच्या मंडळीत कापणीच्या सणाला सगळ्यांसाठी जेवण ठेवलंय, बोर्डावर बायबलच्या मत्तय 10:8 मधलं 'तुम्हांला फुकट मिळाले, फुकट द्या' हे वचन घालायचंय, पण 'फुकट' जरा हलका वाटतो, पवित्र शास्त्रात शोभत नाही, तर तिथे 'विनामूल्य' किंवा 'उदारपणे' केलं तर चालेल का.

माझं मत, बदलू नका. आणि कारण सांगताना आमच्या मांजरीचा विषय येणार, कारण हा शब्द मला नीट कळला तो तिच्यामुळे.

आधी शब्दाचं बघू. 'फुकट' आपल्याला खटकतो कारण आपण तो रागाने किंवा टोमण्यानेच जास्त वापरतो, फुकट्या, फुकटचा सल्ला, फुकट ते पौष्टिक. शिवाय त्याला वाया जाण्याचा अर्थ पण आहे, 'वर्षभराची मेहनत फुकट गेली', आणि विनाकारणचा पण, 'फुकट भांडलास त्याच्याशी'. म्हणजे मोल न देता, वाया आणि विनाकारण, तीन अर्थ एकाच शब्दात. आता गंमत नाही, खरंच बघण्यासारखी गोष्ट आहे, मूळ ग्रीकमध्ये इथे जो शब्द आहे, 'दोरेआन', त्यालाही हेच तीन अर्थ आहेत. 'दोरेआ' म्हणजे देणगी, त्यावरून आलेलं हे क्रियाविशेषण. मत्तय 10:8 मध्ये तो मोल न घेता या अर्थाने येतो, योहान 15:25 मध्ये 'त्यांनी विनाकारण माझा द्वेष केला' तिथे तोच शब्द, आणि गलतीकरांस पत्रात 2:21 ला पौल म्हणतो की नीतिमत्त्व जर नियमशास्त्राने मिळत असेल तर ख्रिस्ताचं मरण व्यर्थच, तिथेही तोच. माझ्या माहितीत तरी मराठीत दुसरा कुठलाच शब्द हे तिन्ही अर्थ पेलत नाही. 'विनामूल्य' घेऊन बघा ना, 'मेहनत विनामूल्य गेली' असं कोणी म्हणत नाही.

आणि हलका म्हणाल तर संत जनाबाईंनी देवाच्या नामालाच हा शब्द लावलाय, 'नाम फुकट चोखट'. चोखट म्हणजे शुद्ध, अस्सल. फुकट आणि अस्सल हे शेजारी शेजारी बसवलेत त्यांनी, त्यामुळे शब्दात जो कमीपणा आपल्याला ऐकू येतो तो मुळात शब्दाचा नाही, फुकट मिळालेल्याबद्दल आपल्या मनात जे असतं त्याचा आहे.

तर मांजर. मनी चार वर्षांपूर्वी पावसात जिन्याखाली येऊन बसली, भिजलेली, एक कान फाटलेला. आईने बोंबलाची डोकी टाकली आणि ती राहिलीच. राहिली म्हणजे जेवायला आमच्याकडे आणि झोपायला शेजारच्यांच्या गच्चीवर. उंदीर धरायची नाही, मांडीवर यायची नाही, हात लावला तर नखं. पुढे जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं की मोठ्या मांजरांना बऱ्याचदा दूध पचत नाही, बंद करा, तेव्हा मी हिरमुसलो, कारण वाटीत दूध ओतणं ही माझी आवड होती, तिची गरज नव्हतीच. तिला काय पाहिजे हे मी कधी बघितलंच नव्हतं. मग तिचं खाणं विकत आणायला लागलो, आणि महिन्याचा हिशोब करताना एकदा मी आईला बोललो की ही नुसती फुकट खाते. आई तेव्हा ओट्यापाशी मासे साफ करत होती, मान वर न करता म्हणाली, 'मग? फुकटच देतेय मी तिला.'

तिने काही उपदेश म्हणून म्हटलं नव्हतं, पण मी तिथेच उभा राहिलो. माझा 'फुकट' मनीवरचा आरोप होता, आईचा 'फुकट' तिच्या देण्याची रीत होती, शब्द एकच. आणि रविवारी उपासनेत ज्याला आम्ही कृपा म्हणतो, कमवली नाही, फेडता येणार नाही, तरी रोज ताटात पडते, ती वरून बघितली तर मी पण जिन्याखाली येऊन बसलेलाच आहे की.

म्हणून 'उदारपणे' नको. त्याने सगळं लक्ष देणाऱ्याच्या मोठ्या मनाकडे जातं आणि वचनाचा पहिला अर्धा भाग, 'तुम्हांला मिळाले', मागे पडतो. येशू हे बारा शिष्यांना पाठवताना बोलतोय, रोग्यांना बरे करा म्हणतोय, आणि पुढच्याच ओळीत कमरेला सोनं, रुपं, तांबं घेऊ नका म्हणतो. जे त्यांनी विकत घेतलंच नाही ते विकायचं कसं? प्रेषितांच्या कृत्यांत 8 व्या अध्यायात शिमोन जादूगार पैसे घेऊन येतो की हा अधिकार मलाही द्या, तर पेत्र त्याला किती कडक बोलतो ते काढून वाचा.

'मोफत' फारसीतून आलेला, चांगला रुळलेला शब्द आहे पण आता तो दुकानाचा झालाय, एकावर एक मोफत, म्हणजे दुसऱ्याची किंमत पहिल्यात घेतलेली. 'निःशुल्क' मध्ये फी माफ झाल्याचा वास येतो. 'फुकट' मध्ये असा कुठलाच छुपा हिशोब नाही, परत काही येणार नाही हे त्यात सरळ सांगितलेलं आहे, आणि कदाचित वायाही जाईल हे पण.

ही वायाची भीतीच आपला हात आखडते असं मला वाटतं. अर्पणाच्या थैलीत टाकताना, कोणा नातेवाईकाला देताना, मनात 'फुकट जायला नको' हेच असतं. मनी मध्ये नऊ दिवस गायब होती, आई रोज रात्री ताटली भरून ठेवायची, सकाळी मुंग्या लागलेलं उचलून टाकायची आणि रात्री परत ठेवायची. दहाव्या दिवशी पायपुसण्यावर अर्धी पाल आणि बाजूला मनी बसलेली. ती पाल माझ्या काय उपयोगाची, पण चार वर्षांत तिने स्वतःहून काही आणून ठेवलं ते तेवढंच, आणि मी ते सुपलीत घेताना खरंच हळू घेतलं.

कोणी म्हणेल शास्त्रात मांजर आहे कुठे. प्रोटेस्टंट 66 पुस्तकांत नाहीच, कॅथलिक बायबलमध्ये बारूख नावाच्या पुस्तकाच्या 6 व्या अध्यायात आहे, तिथे मांजरं मूर्तींवर जाऊन बसतात एवढाच उल्लेख.

तर बोर्डाचं असं करा, वर मोठ्या अक्षरात 'सर्वांसाठी मोफत जेवण' लिहा, रस्त्यावरून जाणाऱ्याला ते पटकन कळतं आणि त्यात चूक काही नाही. खाली वचन मात्र आहे तसं, 'फुकट' सकट छापा, आणि 'मत्तय 10:8' लिहायला विसरू नका, म्हणजे ज्याला शब्द खटकेल तो उघडून वाचेल.